मशीन विकायचं नाही

सांधेदुखीच्या दवाखान्यात माझ्या शेजारी शिवणकाम करणाऱ्या एक बाई सुनेबरोबर बसल्या होत्या.

"आई, इंजेक्शनची भीती वाटतेय?"

"सुईची? जन्म गेला सुईबरोबर. पण ते करतं काय?"

"शरीरातलेच काही रेणू पेशींना सूज वाढवायचा निरोप देत सुटलेत. हे औषध तो निरोप वाटेतच अडवतं."

"म्हणजे घरचेच उलटलेत."

"हो. पण जंतूंशी लढायलाही तेच लागतात. त्यामुळे ताप आला तर अंगावर काढायचा नाही."

"नाही काढणार. आणि मला न विचारता माझं शिलाई मशीन विकायला काढलंयस, त्याचं काय?"

"ते... तुमची बोटं वळत नाहीत म्हणून..."

"वळतील. आत्ता फोन कर आणि सांग, मशीन विकायचं नाही."

आतून हाक आली. सुनेने हात पुढे केला.

"राहू दे. तू फोन लाव," म्हणत बाई स्वतःच उठल्या.