वार्षिक फी बारा हजार

भाऊ: आणि हा मेसेज काय आहे? ‘आपला मोबाइल क्रमांक बदलण्यात आला आहे.’ ताई, तुझ्या कार्डावर माझा नंबर होता.

ताई: होता. सकाळी बँकेत गेले नि बदलून आले. हळू बोल जरा, आईच्या तोंडात मेण आहे. तिच्या कवळीचं माप घेतेय.

भाऊ: आई, तू तरी सांग हिला.

ताई: तिला बोलायला लावू नकोस. आई, अशीच मिटून धर. शाब्बास. आणि तू त्या स्टुलावर बसू नकोस, प्लास्टर सांडलंय. ऑफिसची पँट आहे.

भाऊ: पँट गेली खड्ड्यात! बारा वर्षं तुझं कार्ड मी सांभाळतोय. बिल मी भरलं...

ताई: माझ्या पैशातून.

भाऊ: वेळेवर भरलं ना? एका दिवसाचा दंड लागू दिला नाही. आणि आज बँकेत फोन केला तर ती मुलगी म्हणते, मॅडमनी कार्ड अपग्रेड केलंय. अगं, वार्षिक फी किती आहे माहितीय? आत्ता सहाशे भरतेस तू.

ताई: आता बारा हजार.

भाऊ: बारा हजार! आणि हे तू हसत सांगतेस?

ताई: रडत सांगितलं तर कमी होईल?

भाऊ: विमानतळावर मऊ खुर्चीत बसायला मिळतं म्हणून बारा हजार द्यायचे? तू गेल्या दहा वर्षांत विमानतळाच्या दारापर्यंत तरी गेलीस का? बँकवाले असे गोड बोलतात आणि बायका भुलतात.

ताई: ‘बायका’ जाऊ दे, माझं बोल. त्या मुलीला मी पहिल्यांदा फोन केला तेव्हा ती तीस हजार पॉइंट बोनस म्हणाली. मी म्हटलं, बारा हजार फीला तीस हजार पॉइंट परवडत नाहीत. तर म्हणाली, मॅडम, एवढाच आहे. मग मी म्हटलं, ठीक आहे, जुनं कार्डही बंद करा. झालं! लगेच दुसऱ्या साहेबांकडे फोन दिला. ते चाळीसवर आले. मी गप्प राहिले. समोरचा माणूस गप्प बसला की यांना काय होतं कुणास ठाऊक, पन्नासवर आले.

भाऊ: तू बँकेशी घासाघीस केलीस?

ताई: प्लास्टरवाल्याशी रोज करते. बँकवाले काय वेगळ्या मातीचे?

भाऊ: बरं, पन्नास हजार. पण ते असे हातावर ठेवत नाहीत. अट असते. तीन महिन्यांत अमुक एवढा खर्च करा...

ताई: तीन लाख.

भाऊ: बघ! म्हणजे बोनसच्या नादात नको ते विकत घेणार.

ताई: कवळ्यांचे दात, राळ, प्लास्टर धरून महिन्याला सत्तर हजार माझे त्या कार्डावरच जातात. तीन महिन्यांचे दोन लाख दहा. राहिले नव्वद. दात भाजायची ही भट्टी दोनदा बंद पडली, गेल्या आठवड्यात एका बाईचा पुढचा दात आतच तडकला. नवी भट्टी घ्यायचीच होती. नव्वद हजाराला ठरवलीय. आता सांग, नको ते काय घेतेय?

भाऊ: ... पॉइंटचं करणार काय पण? फ्रीज आहे तुझ्याकडे.

ताई: अठ्ठेचाळीस हजारांत विमानाची दोन तिकिटं येतात. जाऊन-येऊन. वर करापोटी वीस हजार भरायचे. फीचे बारा धरले तर बत्तीस झाले. तीच तिकिटं रोख काढली तर एक लाख साठ हजार. मी तीन वेळा विचारून घेतलं, कागदावर लिहून घेतलं. आणि पुढच्या वर्षी फी लागायच्या आत कार्ड परत साधं करून घ्यायचं, त्याची तारीख भिंतीवर लिहिलीय. ती बघ, दिव्याच्या बटणाच्या वर.

भाऊ: दोन तिकिटं. कुठली?

ताई: आई, काढ आता मेण. सावकाश. हं... बघ, हिरड्यांचा ठसा किती छान आलाय.

भाऊ: ताई, मी काहीतरी विचारलं.

ताई: धाकटीकडची.

भाऊ: अच्छा. म्हणजे हे आहे होय!

ताई: हेच आहे.

भाऊ: मग सरळ सांग ना, बत्तीस हजार आणि एक लाख साठ कशाला करतेस? त्या बाईचं नाव या घरात काढायचं नाही, हे ठरलं होतं.

ताई: तू ठरवलंस. आम्ही ऐकून घेतलं. ऐकून घेणं म्हणजे ठरवणं नव्हे.

भाऊ: बाबा गेले तेव्हा आली ती? सांग ना! सख्खा बाप गेला आणि हिला यायला जमलं नाही. तिकडचं काम, तिकडचा नवरा, तिकडचं घर. मी एकटा हॉस्पिटलचे जिने चढत-उतरत होतो. आई, तू बघितलंयस सगळं.

आई: बघितलंय. तू फार धावलास. ते मी कधी विसरणार नाही.

भाऊ: ऐकलंस?

ताई: ऐकलं. धावलास हे खरं आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. आता तू ऐक. बँकेशी भांडताना मी म्हटलं, मी बारा वर्षांची ग्राहक आहे, माझ्या पॉइंटांचा सगळा हिशेब पाठवा. त्यांनी पाठवला. सतरा पानं. कोणत्या महिन्यात किती जमले, कधी वापरले, कशावर.

भाऊ: मग?

ताई: बाबा गेले त्या आठवड्यात माझ्या कार्डावर बेचाळीस हजार पॉइंट होते. तिच्या ऐनवेळच्या तिकिटाला तेव्हा तीस लागत होते. चार दिवसांनी ते संपले. वॉशिंग मशीन.

भाऊ: तुला सांगितलं होतं मी. घरी मशीन नव्हतं, बायकोला दिवस गेलेले...

ताई: मशीनबद्दल नाही बोलत मी. ती तारीख बघितली आणि माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. आठ वर्षांनी पहिल्यांदा धाकटीला फोन केला. तिला एवढंच विचारलं, तेव्हा तू का आली नाहीस?

भाऊ: आणि तिनं काय रचून सांगितलं?

ताई: तूच सांग. आईसमोर सांग.

(भाऊ उठून खिडकीशी जातो. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेतंय, तिचा आवाज येत राहतो.)

आई: काय सांगायचंय त्यानं?

ताई: बोल ना. फी सांगताना किती खणखणीत आवाज होता!

भाऊ: तिनं फोन केला होता. रात्री. म्हणाली, नवऱ्याची नोकरी गेलीय, हातात काही नाही, तिकीट काढून दे, वर्षात फेडते.

आई: तू काय म्हणालास?

भाऊ: मी म्हटलं, नाहीत.

आई: तेव्हा खरंच नव्हते का?

भाऊ: रोख नव्हते, आई. खरंच नव्हते. हॉस्पिटलनं सगळं पिळून घेतलं होतं.

ताई: पॉइंट होते.

भाऊ: होते! हो, होते! आठवले होते मला तेव्हाही! पण राग आला होता. ती गेली तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. बाबांची शुगर, आईचे गुडघे, सगळं माझ्या गळ्यात टाकून ती गेली. आणि आता बाप गेल्यावर हिला विमानानं आणा? मी म्हटलं, राहू दे तिकडेच. एकदा तरी तिला कळू दे.

आई: आणि मला येऊन काय म्हणालास? ‘तिनं नाही म्हणून सांगितलं.’ मी विचारलं, काही निरोप? तू म्हणालास, नाही.

भाऊ: आई...

आई: आठ वर्षं मी तिच्यावर रुसून बसले, बाबा रे. कुणाला तिचा फोटो बघू दिला नाही.

भाऊ: नंतर सांगायचं होतं मला. रोज वाटायचं, आज सांगू. मग वर्ष गेलं, आणि मग सांगण्यासारखं राहिलंच नाही.

ताई: म्हणून नंबर बदलला मी. कार्ड माझं, पॉइंट माझे, आणि यापुढे त्यांचं काय करायचं ते माझ्याच फोनवर येईल. एक तिकीट माझं, दुसरं आईचं आहे.

भाऊ: आईचं? या वयात? तिला दोन जिने चढवत नाहीत. एवढा प्रवास, डॉक्टर काय म्हणतील? आणि तिला विचारलंस का तू?

ताई: आज विचारणार होते. माप झाल्यावर. तू आधी टपकलास.

भाऊ: आई, हिच्या नादाला लागू नकोस. मी चुकलो, कबूल. पण हे झेपणारं नाही तुला. आपण व्हिडिओवर बोलू तिच्याशी. मी लावून देतो.

आई: नको.

भाऊ: का?

आई: तू लावून दिलेलं पुष्कळ झालं. मी जाणार.

भाऊ: अगं, पण...

आई: मला झेपेल की नाही ते माझ्या गुडघ्यांना विचारीन मी. डॉक्टरांनी नाही म्हटलं तर दुसरा डॉक्टर बघेन. तिथे खुर्चीत बसवून नेतात म्हणे. नेऊ देत. पासपोर्टला काय-काय लागतं ते हिला लिहून दे. कागदपत्रांतलं तुला चांगलं कळतं.

भाऊ: मी लिहून देऊ?

आई: हो. तूच दे.

भाऊ: ... जन्माचा दाखला लागेल. पत्त्याचा पुरावा. फोटो. वेळ घ्यावी लागते आधी. मी घेतो ती.

ताई: हा कागद घे. पेन्सिल तिथे, साच्यांच्या मागे.

भाऊ: पण मी बोलणार नाही तिच्याशी. एवढं सांगून ठेवतो. काय तोंडानं बोलणार?

ताई: कुणी जबरदस्ती केलीय?

भाऊ: नाही, सांगून ठेवतो... कार्डावर आईचं नाव घालावं लागेल का?

ताई: लागत नाही. विचारून घेतलंय.

भाऊ: हं. ताई, तिच्याकडे आत्ता किती वाजले असतील?

ताई: थांब, फोनमध्ये बघून सांगते.

आई: सकाळचे साडेसहा. मी रोज आपल्या घड्याळातून तेवढे तास वजा करून बघते.