चपलांची रांग

(डहाणूतलं एक रुग्णालय. खाटेवर निवृत्त रेल्वे गार्ड मोहनराव, उजव्या पावलाला जाड पट्टी. शेजारी निवृत्त शिक्षिका अहिल्याबाई, मांडीवर पिशवी.)

मोहन : दुखतच नव्हतं, मग डॉक्टरला दाखवायचं काय, बाई?

अहिल्या : म्हणून आठ दिवस हळद दाबून बसलात? काच गेली होती पायात!

मोहन : मला कुठे कळलं? किनाऱ्यावरच्या तुमच्या ताई-चीच्या वर्गात, त्या संथ चिनी व्यायामात, हातांनी ढग बाजूला सारायचे असतात ना, ते मी सारत होतो. मागे उभ्या दक्षाबेन ओरडल्या, “अरे, वाळूत लोही!” मीही बघायला लागलो, कोणा बिचाऱ्याचं रक्त म्हणून.

अहिल्या : वर्गातल्या आठही जणांना मधुमेह. निम्म्यांची पावलं बधिर. आणि मी नियम काय केला, तर शिकायच्या जागी चपला काढायच्या!

मोहन : आशागडच्या शाळेत तीस वर्षं दाराबाहेर रांग लावून घेतलीत. मग समुद्रावर लावलीत. सवय आहे ती.

अहिल्या : डॉक्टरांनी बजावलं होतं ना, अनवाणी चालू नका?

मोहन : चालू नका म्हणाले. आपण कुठे चालत होतो? जागच्या जागी तर हलत होतो.

अहिल्या : निदान मला सांगायचं होतंत.

मोहन : सगळ्यांच्या चपला रांगेत आणि माझ्या एकट्याच्या पायात? लाज वाटली.

अहिल्या : वर्ग बंद करते मी.

मोहन : मुळीच नाही. चपला घालून घ्या, पण घ्या. तीन महिन्यांत माझी साखर पहिल्यांदा खाली आली. डॉक्टर केवढे खूश होते! मग त्यांनी पाऊल बघितलं.

अहिल्या : उद्या नक्की काय करणार आहेत?

मोहन : अंगठा जाणार हे ठरलं. बाकीचं उघडल्यावर बघू म्हणाले. घोट्यापर्यंतही जाईल कदाचित. तुमच्या त्या एका पायावर उभं राहायच्या प्रकारात मी रोज धडपडायचो. आता सराव होईल.

अहिल्या : पुरे हो, मोहनराव.

मोहन : रडू नका. नर्स धावत येईल, माझं काही झालं म्हणून. पिशवीत काय आणलंत? फळं नकोत हं, साखर वाढते.

अहिल्या : तुमच्या चपला. त्या दिवशी तुम्हाला तसंच रिक्षात घालून घरी पाठवलं आम्ही. सगळे गेल्यावर रांगेत ह्याच उरल्या होत्या. घरी सूनबाईंकडे देऊ?

मोहन : नको. खाटेखाली ठेवा.

अहिल्या : बरं.

मोहन : आज तरी दोन्ही ठेवा.