मामाची होडी कुणी बांधली

होडी मागायला माझ्या मामाकडे खुशाल जा, पण माझं नाव तेवढं सांगू नका.

मामाचं घर तेरेखोल नदीच्या काठावर. एका रविवारी मी त्याची होडी मागून घेतली आणि दिलीपला गळाने मासे गरवायला नेलं. दिलीप समुद्रापासून आत असलेल्या शिरगावचा, तिथल्या खाणीवर ट्रक चालवायचा. दुपारी भूक लागली तसे भर भरतीला धक्क्यावर आलो. मी म्हटलं, "घट्ट बांध हं, मामाची होडी आहे." त्याने ती पुढून-मागून खांबांना अशी आवळली की बोटभर हलेना. मलाही बरं वाटलं.

जेवून, जरा लवंडून परत आलो तर ओहोटी लागलेली. पाणी पुरुषभर खाली गेलेलं आणि होडी दोन दोरांवर पाळण्यासारखी लटकलेली. फळ्या करकरत होत्या. सगळा भार गाठींवर, त्यामुळे त्या सुटेनात. शेवटी मामालाच बोलवावं लागलं. तो चार माणसं घेऊन आला. त्यांनी चिखलात उभं राहून होडी खालून धरली, मामाने दोर कापले.

मग विचारलं, "बांदली कोणी?"

"मी," दिलीप म्हणाला. "ट्रकावर ताडपत्री बांधतो तशी."

मला वाटलं, आता दिलीपची खैर नाही. मामा माझ्याकडे वळला.

"तेचो काय दोष? तेचो रस्तो दिसाक दोनदा खाली जाता काय? तू मातर ह्याच पाण्याकडे वाढलेलो."

दिलीप आजही ती होडी घेऊन जातो. मी मागितली की मामा विचारतो, "दिलीप येता ना रे तुज्याबरोबर?"