एका कपाची कॉफी

सासू: नाही गं, दोघींची अगदी फक्कड जमते. एकटीची करायला गेलं की घोळ. पाणचट, वर आंबट. चूळ भरावी तशी लागते.

सून: पूड किती घेता?

सासू: दोघींना घेतो त्याच्या निम्मी. पाणीपण निम्मं. तेवढं कळतं हो मला.

सून: हिशेब बरोबरच आहे, आई. पूड भरड पडतेय. दोघींची असली की ड्रिपरच्या नरसाळ्यात थर चांगला जाड बसतो, पाणी त्यातून रेंगाळत उतरतं. एकटीची घेतली की थर पातळ. पाणी सुसाट खाली. पुडीची गाठच पडत नाही त्याच्याशी.

सासू: म्हणजे मोठ्या माणसाचं माप निम्मं केलं म्हणून लेकराचा सदरा होत नाही, तसं.

सून: अगदी तसंच. जन्मभर कपडे शिवलेत तुम्ही, तुम्हाला काय सांगायचं! एकटीला बारीक दळायची. चक्कीची ही चकती थोडी आवळा. अजून थोडी. बास.

सासू: आणि हे तू मला आज सांगतेस?

सून: तुम्ही विचारलंत कधी? रविवारी मी येते तेव्हा दोघींचीच होते.

सासू: इतर दिवशीही दोघींचीच होते.

सून: म्हणजे?

सासू: म्हणजे काय? चांगली तीच होते, तर तीच करते. एक कप गरम पिते. दुसरा ओट्यावर राहतो, तो संध्याकाळी.

सून: आई! सकाळची कॉफी संध्याकाळी? गार?

सासू: ओतून टाकवत नाही. मन धजत नाही गं.

सून: मग आजच एका कपाची कुठून आठवली?

सासू: ते तू सांग. आल्यापासून मिठाची गुळणी धरून बसलीयस. पर्ससुद्धा खांद्यावरून उतरवली नाहीस.

सून: काही नाही, असंच.

सासू: मागच्या रविवारी फोन घ्यायला गॅलरीत गेलीस आणि हसत आत आलीस. या घरात इतकी वर्षं नांदलीस, तशी हसलेली मी तुला कधी पाहिली नाही. तेव्हाच ओळखलं. कधी आहे लग्न?

सून: पुढच्या महिन्यात. रजिस्टर. थाटमाट काही नाही.

सासू: माणूस चांगला आहे?

सून: चांगला आहे. माझं बोलणं ऐकून घेतो. फक्त... मागचं घर मागे राहू दे म्हणतो.

सासू: बरोबर आहे त्याचं.

सून: बरोबर काय, आई?

सासू: मग काय! माझ्या दिवट्याने तुला सोडून दुसरा संसार थाटला, कोर्टात सह्या झाल्या, सगळं झालं. आणि तू दर रविवारी सासूकडे कॉफीला. कुणाला सांगितलं तर आपल्या दोघींना वेड्यात काढतील.

सून: वरच्या मजल्यावरच्या बाईंनी काढलंच आहे. जिन्यात विचारतात, ‘तुम्ही अजून येता?’

सासू: तिला म्हणावं, तू तुझी भांडी घास.

सून: तुमचा लेक येतो का हो इकडे?

सासू: फोन येतो. जेवलीस का, गोळी घेतलीस का. मी हो म्हणते, तो ठेवतो म्हणतो. सगळं वेळच्या वेळी.

सून: होणाऱ्या नवऱ्याशी मी भांडले, आई. म्हटलं, रविवार सोडणार नाही. चार दिवस अबोला होता आमच्यात.

सासू: मग?

सून: मग दमले, हो म्हणून टाकलं. एका घरात भांडून झालं. दुसऱ्या घरात पाऊल टाकायच्या आधीच नको वाटलं. तुम्ही रागवा माझ्यावर. रागवलात तर मला बरं वाटेल.

सासू: तुला बरं वाटावं म्हणून मी रागवू होय? मला वाईट वाटतंय, खूप वाटतंय. राग नाही आला. चल, उठ, पाणी उकळलं.

सून: मी हात लावणार नाही. तुम्हीच करायची.

सासू: मोठी मास्तरीण! सांग, काय करू?

सून: आधी गाळायचा कागद बसवा, त्यावर गरम पाणी ओता. नाहीतर कॉफीला कागदाची चव येते. ते पाणी फेकून द्या. आता पूड. हलवून सारखी करा. आता थोडंसंच पाणी, नुसती भिजेल इतकं. थांबा, थांबा!

सासू: फुगली बघ कशी, नरसाळं भरून.

सून: ताजी आहे म्हणून. आतली हवा जाऊ दे. घाई नको, जरा दम घेऊ द्या.

सासू: कुणाला, पुडीला का मला?

सून: दोघींनाही. आता मधोमध ओता. धार बारीक ठेवा.

सासू: धार इकडेतिकडे जातेय गं.

सून: जाऊ दे. किटली खाली आणा, जवळून ओता. अस्सं. पाणी खाली बसलं की पुन्हा.

सासू: तुला कुणी शिकवलं हे सगळं?

सून: कुणी नाही. तुमच्या मुलाची वाट बघत बसायचे ना, हाताला काहीतरी चाळा हवा होता. बिघडवत बिघडवत शिकले.

सासू: आणि मी पलीकडच्या खोलीत मशीन चालवत बसलेली. वास यायचा मला. यावंसं वाटायचं.

सून: आलात की एक दिवस. स्वतःच कप घेऊन आलात.

सासू: तेव्हापासून गोडी लागली बघ. झालं का गं?

सून: झालं. पूर्ण निथळू द्या. हं, आता काढा तो ड्रिपर. बसून प्या.

सासू: तू घे ना घोटभर.

सून: नको. एका कपाची आहे. तुम्ही प्या.

(सासू एक घोट घेते. जरा वेळाने दुसरा.)

सून: पाणचट लागतेय?

सासू: नाही.

सून: मग आंबट?

सासू: नाही गं. छान झालीय. तुझ्या हातची असते ना, अगदी तशी.

सून: मग डोळ्यांत पाणी का, आई?

सासू: बिघडली असती, तर तुला फोन तरी करता आला असता.