डोक्यावर चढलेली अक्षरे

चहा निवला तरी चालेल, पण आमच्या मेधाच्या लग्नपत्रिकेचे काय झाले ते आधी ऐका. नवरदेव फ्रान्सचा, म्हणून पत्रिकेची एक बाजू फ्रेंचमध्ये होती. लग्न एक तारखेला. फ्रेंच रिवाजानुसार त्या एकाच्या पुढे, ओळीच्या जरा वर, 'er' (म्हणजे 'पहिला') ही अक्षरे बारीक बसवावी लागतात. विहीणबाईंसमोर चूक नको, म्हणून श्रीरामपुरात छापखाना चालवणाऱ्या माझ्या जुन्या विद्यार्थ्याला, सुभाषला, मी बजावले, "एकही 'er' खाली राहता कामा नये."

विहीणबाई घरी पोहोचल्या आणि पाठोपाठ सुभाष गठ्ठा घेऊन आला. पत्रिका उघडून मी फ्रेंच बाजू वाचू लागले. नवरदेवाच्या नावातली, जेवणाच्या आमंत्रणातली, आभारांतलीसुद्धा 'er' ओळ सोडून वर चढली होती!

"सुभाष, हे काय केलेस?"

"बाई, तुमीच म्हनला हुता ना, एक बी खाली नको? कॉम्प्युटरला एकदाच सांगितलं, समदी वर गेली."

तोवर मेधाच्या आईने, म्हणजे माझ्या वहिनींनी, कोपऱ्यांना हळदीकुंकू लावून एक पत्रिका विहीणबाईंच्या हाती दिलीसुद्धा. त्यांनी ती बराच वेळ न्याहाळली आणि मेधाला काहीतरी विचारले.

"आत्या, त्या विचारताहेत, हळदीकुंकवासारखीच अशी उचललेली अक्षरेही आपल्याकडे शुभ असतात का?"

जन्मभर लाल शाईने मुलांच्या चुका खुणावणाऱ्या माझ्या तोंडून शब्द निघाले, "हो. फार जुनी प्रथा आहे."

सुभाष हळूच जवळ सरकला. "मंग बाई, मराठी बाजू बी तशीच करू का?"