दर दहा मिनिटांनी

हसा खुशाल, पण हे आठवलं की अजून माझी कानशिलं तापतात. हिर्डोशीच्या आत्याला भातावरची पाखरं हाकलायला दर दहा मिनिटांनी वाजणारा भोंगा करून दिला. तपासताना चिपमधला टायमर दहा सेकंदांवर ठेवला होता, तो बदलायचाच राहिला. फोनवर विचारलं तर आत्या म्हणाली, "लई झ्याक चाललंय."

आठवड्याने गेलो. भोंगा गोधडीत गुंडाळलेला, आतून कोकलतोय, आणि आत्या बांधावर पत्र्याचा डबा बडवतेय.

"आत्या, बंद तरी करायचास!"

"तू एवढ्या हौसंनं केलेला, बंद कसा करू? पाखरं त्याला सरावली, माणसं वैतागली, म्हून मीच बडवती." मग मनगटावरचं घड्याळ दाखवत म्हणाली, "दर धा मिनिटांनी. तू सांगितलंवतंस तसंच."