केझायाचं खेचर

केंटकीतल्या कोर्टाच्या दप्तरखान्यात व्हर्ना जमिनीच्या कागदाच्या नकलेसाठी रांगेत उभी होती. तिच्यापुढे दोघी म्हाताऱ्या बहिणी जुन्या नोंदवहीवर वाकल्या होत्या.

"लोरीनताई, हे बघ. अठराशे एकाहत्तर. केझाया टॉलिव्हर, नवऱ्याचं खेचर पळवल्याचा गुन्हा."

"हळू बोल गं. पणजी विधवा होती, असं आपण सगळ्यांना सांगत आलोय."

"नवरा चांगला जिवंत होता. फिर्याद त्यानंच केली."

"मिटव ती वही."

"तिचा जबाब तरी ऐक. 'खेचर माझ्या बापानं दिलंय. नवरा हवा तर ठेवून घ्या, खेचर मिळणार नाही.'"

"असं कोर्टात बोलली?"

"न्यायाधीशाच्या तोंडावर. महिनाभर तुरुंगात बसली, पण खेचर कुठे दडवलं ते सांगितलं नाही."

"मग नवऱ्याकडे?"

"गेलीच नाही. आजी नेहमी सांगायची ते वीस एकर पणजीनं त्याच खेचरानं नांगरले आणि आजीला वाढवलं."

लोरीननं वही स्वतःकडे ओढली. कारकुनानं विचारलं, "नक्कल हवीय का? या बाई तुमच्या कोण?"

धाकटी बोलणार, तोच लोरीननं तिला हातानं थांबवलं.

"आमची पणजी. बारा नकला द्या. रविवारी सगळं खानदान जेवायला जमतंय, मी स्वतः वाचून दाखवणार आहे."